पंधरा टक्के धूर

दहा किलो हिरवी कॉफी भट्टीत टाकली की साडेआठ किलो बाहेर येते. कॉफी भाजण्याच्या धंद्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य, आणि नेमकं यावरच कोणी रील बनवत नाही.

उरलेला दीड किलो म्हणजे दाण्यातलं पाणी, थोडा वायू आणि अंगाला चिकटलेली पातळ सालपटं. फिकट भाजलं तर तूट बारा टक्क्यांच्या आसपास राहते, काळंकुट्ट केलं तर अठरापर्यंत जाते. त्या दीड किलोचे पैसे मळेवाल्याने मोजून घेतलेले असतात, ट्रकवाल्याने त्याचं भाडं लावलेलं असतं, आणि माल मात्र धुराड्यातून शेजारच्या सोसायटीला फुकट वाटला जातो. सोसायटी आभार मानत नाही. चेअरमन पत्र पाठवतात. कॉफी भाजणाऱ्याच्या शेजारी राहायला मिळणं म्हणजे स्वर्ग, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडाभर राहून पाहावं. तो प्रसिद्ध सुवास दळताना येतो. भाजताना येतो तो धुराचा आणि जळक्या सालपटांचा. पहिल्या दिवशी लोक खिडक्या उघडतात, तिसऱ्या दिवशी लावून घेतात.

पण या धंद्याला धंदा म्हणणं हाच हल्ली अरसिकपणा झालाय. ती कला आहे, साधना आहे, ‘क्राफ्ट’ आहे. पिशवीवर मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं, ‘स्मॉल बॅच रोस्टेड’. अहो, भट्टीच एक किलोची आहे, मोठी परवडली नाही, तर बॅच स्मॉलच निघणार!

२०१३ साली दिल्लीत ब्लू टोकाय सुरू झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत शहरोशहरी भट्ट्या पेटल्या. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी, कुठेही जा, एखाद्या जुन्या गाळ्यात नाहीतर बंगल्याच्या गॅरेजमध्ये कोणीतरी हिरवे दाणे काळे करतंय. मग रविवारच्या पुरवणीत मुलाखत येते. सॉफ्टवेअरमधली लठ्ठ पगाराची नोकरी सोडून याने कॉफी भाजायला घेतली. फोटोत तो ट्रेमधल्या दाण्यांकडे एकटक बघतोय, दाढी कोरलेली, अंगात कातडी एप्रन. प्रेरणा कुठून मिळाली? मेलबर्नला एक कप प्यायलो. पुढचं स्वप्न काय? लोकांची कॉफीकडे बघण्याची नजर बदलायची आहे. ‘गाळा भाड्याचा की घरचा?’ एवढा एक प्रश्न कोणी विचारत नाही. टिकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं रहस्य त्याच उत्तरात असतं. गाळा वडिलांचा.

भाजणं सोपं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर ही मंडळी पुढच्या बॅचला मलाच ड्रममध्ये सोडतील. ड्रम दोनशे अंशांना तापवायचा आणि दाणे आत ओतायचे. थंड दाणे पडल्याबरोबर काटा धाडकन घसरतो, दीडेक मिनिटात नव्वद-शंभरावर येऊन थबकतो आणि मग चढायला लागतो. हिरवा दाणा पिवळा होतो, गवताचा वास जाऊन पावाचा येतो. आठ-नऊ मिनिटांनी, दोनशेच्या जरा अलीकडे-पलीकडे, आतून ताड-ताड आवाज सुरू होतो. हा फर्स्ट क्रॅक. दाण्यात कोंडलेली वाफ दाणा फोडून बाहेर पडते. इथून पुढचं मिनिट-दीड मिनिट म्हणजे सगळी कमाई. घाईने काढलं तर कपात गवत आणि आंबटपणा. थोडं रेंगाळलं तर चिकमगळूर, कोडगू, अराकू सगळे एकाच चवीचे, कडू. मग दाणे खालच्या ट्रेमध्ये, पंखा चालू, चार मिनिटांत थंड झाले पाहिजेत. ट्रेमध्ये काही दाणे फिकेच राहिलेले दिसतात. ते कच्च्या फळांचे, धंद्यातल्या भाषेत क्वेकर. एकेक वेचून बाहेर काढायचे, कारण चुकून कपात गेले तर शेंगदाण्याच्या टरफलाची चव येते. मोठे कारखाने हे काम कॅमेऱ्याच्या यंत्राकडून करून घेतात. छोटा भाजणारा आधी स्वतः करतो, मग पगारी पोराला देतो, शेवटी आईला.

हे सगळं चालू असताना शेजारी लॅपटॉपवर तापमानाचा आलेख उमटत असतो. ज्या आजीच्या हातची चकलीची भाजणी कधी बिघडली नाही, तिला हा आलेख न बघता नुसत्या वासावरून सांगता आला असता. फक्त तिने त्याला ‘प्रोफाइल’ म्हटलं नाही आणि अडीचशे ग्रॅमला साडेपाचशे रुपये लावले नाहीत.

आणि मधेच वीज गेली तर? ड्रम थांबतो. तापलेल्या लोखंडाला टेकलेले दाणे जळायला लागतात. धुराड्यात आणि सालपटं अडवणाऱ्या डब्यात महिनाभर झाडू फिरवला नसेल तर तिथे ठिणगी पोचते, आणि मग चेअरमन पत्र पाठवत नाहीत, अग्निशमन दलाला फोन करतात. म्हणून इन्व्हर्टर आणि झाडू ही या कलेची दोन प्रमुख साधनं. मुलाखतीच्या फोटोत दोन्ही नसतात.

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे भाजणाऱ्याइतकं कोणालाच माहीत नाही. भट्टी चव घालत नाही. दाण्यात असलेली चव बाहेर काढते, नाहीतर जाळते. पण पिशवी वाचा. पिशवीवर आकडा असतो, ८६.५. स्पेशल्टी कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा जुना नियम असा की ३५० ग्रॅम हिरव्या दाण्यांत मोठा दोष एकही नको, किरकोळ पाचापर्यंत चालतील, आणि चाखणाऱ्याने शंभरपैकी किमान ऐंशी द्यावेत; मग ती स्पेशल्टी. नियम चांगला आहे. पण साडेशहाऐंशीतला तो अर्धा कुणी, कुठल्या टेबलावर, कुणाच्या चहापाण्यावर दिला, ते पिशवी सांगत नाही. बऱ्याचदा माल विकणाऱ्यानेच दिलेला असतो, आणि भाजणाऱ्याने तो जसाच्या तसा उतरवलेला असतो.

आकड्याखाली चवी. जॅस्मिन, बर्गामॉट, स्टोन फ्रूट. सदाशिव पेठेत बर्गामॉट कोणी खाल्लंय? त्यापेक्षा करवंद लिहा, आमसूल लिहा, काकवी, काजूचं बोंड लिहा. आपल्याकडच्या कॉफीत यातलं बरंच काही सापडतंही. पण नाही लिहिणार. कारण ‘कुठाय करवंद?’ असं गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारू शकतं. ‘कुठाय बर्गामॉट?’ विचारायची त्याची छाती होत नाही. आपल्यालाच चव कळत नसेल असं समजून तो गप्प बसतो आणि दुसरी पिशवी घेतो.

चवींच्या खाली फोटो. ‘थेट शेतकऱ्याकडून.’ भाजणारा डोक्यावर टोपी घालून लालबुंद फळांच्या झाडाशेजारी उभा, खांद्यावर हात टाकलेला शेतकरी शेजारी. इथे जरा इतिहास. कॉफी बोर्डाच्या जुन्या व्यवस्थेत मळेवाल्याने सगळं पीक बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायचं आणि बोर्डाने लिलावात विकायचं. कुठल्या मळ्याची कॉफी कुठे गेली याचा पत्ता नाही. ही पकड नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ मध्ये सुटली. म्हणजे आज पिशवीवर मळ्याचं नाव छापायची जी चैन आहे, ती कुणाच्या ध्येयवादातून आली नाही, ती उदारीकरणातून आली. असो.

आता तो ‘शेतकरी’. भारतातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक लहान, दहा हेक्टरच्या आतले. ते फळ अंगणात वाळवतात, वाळलेलं पोतं गावातल्या व्यापाऱ्याला देतात आणि मोकळे होतात. त्यांच्याकडे गर काढायचं यंत्र नाही, आंबवायच्या टाक्या नाहीत, आणि साठ किलोचा वेगळा लॉट करून त्याची कुंडली लिहायला वेळ नाही. त्यामुळे पिशवीवर जो येतो तो बहुधा उरलेल्या दोन टक्क्यांतला. दोन-तीनशे एकरांची बाग, कौलारू बंगला, जीप, प्लांटर्स क्लबचं पिढीजात सदस्यत्व. आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून ‘आम्ही यांना न्याय्य भाव देतो’ म्हणणारा आमचा गडी भाड्याच्या गाळ्यात, दोन महिन्यांचं भाडं थकलेला. या फोटोत दया कुणी कुणावर करायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

न्याय्य भावाची खरी परीक्षा भाव चढल्यावर झाली. २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने झाडं करपली, २०२४ मध्ये तिथेच दुष्काळ पडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. भारतातली जवळपास सत्तर टक्के कॉफी परदेशी जाते, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. त्यामुळे मळेवाला सकाळी उठून आधी न्यूयॉर्क आणि लंडनचा भाव बघतो, मग देवाला नमस्कार करतो. भाव पडलेला असताना ‘शेतकऱ्याला त्याच्या घामाचं मोल मिळायला हवं’ म्हणणारे आमचे भाजणारे भाव दुप्पट झाल्यावर काय म्हणाले? ‘प्लांटर लोक फार माजलेत.’ हे मी कानांनी ऐकलंय, एकाहून जास्त तोंडांतून. घामाचं मोल मिळावं, पण आपल्या बजेटात.

यात भाजणाऱ्याची कोंडी खरी आहे, तीही सांगतो. समजा हिरवी कॉफी सहाशे रुपये किलोने घेतली. पंधरा टक्के उडून गेल्यावर तिचाच भाव सातशेच्या वर जातो, अजून गॅस पेटलेला नाही. त्यावर गॅस, भाडं, पगार, आणि वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची ती मॅट काळी पिशवी, जिच्यावर छपाई, मोहोर, स्टिकर आणि आत एक आभारपत्र. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिरव्या दाण्यावर जीएसटी शून्य, भाजलेल्यावर पाच टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी या कलेची किंमत पाच टक्के. एवढा रोखठोक समीक्षक दुसरा मिळणार नाही.

हा माल कॅफेला जातो अकराशे रुपये किलोने. कॅफेवाला एका डबल शॉटला अठरा ग्रॅम वापरतो, म्हणजे किलोत पंचावन्न कप. कॅपुचिनो अडीचशे रुपयाला. करा हिशोब. अडीचशेतले वीस रुपये भाजणाऱ्याकडे येतात, त्यातले बारा-तेरा हिरव्या दाण्याचे म्हणून आधीच गेलेले असतात. उरले सात. या सात रुपयांत ती सगळी साधना, आलेख, इन्व्हर्टर आणि आई.

ते सातही हातात येतात का? कॅफेवाला म्हणतो, पंचेचाळीस दिवसांची उधारी ठेवा. ठेवली. म्हणतो, पोरांना मशीन शिकवून द्या. दिलं. पोरगं शिकतं आणि दुसऱ्या महिन्यात समोरच्या कॅफेत जातं. पुन्हा शिकवायला या. म्हणतो, एस्प्रेसोचं मशीन आणि ग्राइंडर बसवून द्या, मोठ्या कंपन्या देतात. मोठ्या कंपन्या खरंच देतात. छोटा भाजणारा कर्ज काढून देतो. मशीन बसलं, कराराचा कागद झाला, आणि मग सहाव्या महिन्यात कॅफेवाल्याला पन्नास रुपये स्वस्त देणारा दुसरा भेटतो. त्याची कॉफी याच्याच मशीनमधून वाहू लागते. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘अरे, गिऱ्हाइकांना फरक कळत नाही रे.’ आता यावर काय बोलणार? कप दुधाने भरलाय, वर चॉकलेटची पूड आहे, गिऱ्हाईक फोटो काढतंय. नाही कळत फरक.

म्हणून मग घरगुती गिऱ्हाईक. हे प्रेमळ असतं, निष्ठावान असतं आणि जीव खातं. त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की कॉफी ताजी हवी. पिशवीवरची भाजल्याची तारीख तो एक्स्पायरी डेटसारखी तपासतो. ‘आठ दिवसांपूर्वीची आहे? मला आजची द्या.’ वस्तुस्थिती अशी की भाजलेल्या दाण्यातून आठवडाभर कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, आणि एस्प्रेसोसाठी तर आठ-दहा दिवस मुरलेलीच बरी. आजची घेऊन गेलात तर मशीनमधून फेस येईल, कॉफी नंतर. पण हे समजावत बसायला वेळ कुणाला? हुशार भाजणारा आत जातो, थोडा वेळ थांबतो आणि तीच पिशवी घेऊन येतो. मी याचं समर्थन करत नाही. निषेधही करत नाही.

मग येतात काकू. त्या दार ढकलून आत येतात, पाट्या वाचतात, वॉश्ड, नॅचरल, अ‍ॅनेरोबिक, हनी. ‘मधाची आहे का हो?’ नाही काकू, मध नसतो, साल काढून चिकट गर ठेवून वाळवतात. ‘बरं. दुधात चालेल ना? आम्ही जायफळ घालतो.’ इथे दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यावरून तो वर्षभर टिकेल की नाही हे मी सांगू शकतो. ज्याने ‘जायफळ?!’ म्हणून भुवया चढवल्या त्याचं गाळ्याचं डिपॉझिट गेलंच म्हणून समजा. ज्याने ‘मग ही घ्या, जरा डार्क आहे, दुधाला पुरते, जायफळ अगदी शेवटी किसा’ असं सांगितलं, त्याच्याकडे काकू दर महिन्याला येणार, बरोबर भिशीतल्या चौघींना आणणार, आणि रोख देणार. काकू पंचेचाळीस दिवस मागत नाहीत.

हे ज्ञान नवीन नाही. माटुंग्याला जा. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या कॉफी भाजून, समोर दळून, कागदी पुडीत बांधून मिळते. पीबेरी इतकी, प्लांटेशन इतकी, चिकोरी किती घालू? चिकोरीचं नाव काढलं की नव्या भाजणाऱ्याला फेफरं येतं. कायद्याला चालते, मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर हवं, एवढंच म्हणणं. माटुंग्याच्या गिऱ्हाइकाला आपलं प्रमाण आपल्या रक्तगटासारखं पाठ असतं. तिथे ना गुण, ना बर्गामॉट, ना मळेवाल्याच्या खांद्यावर हात. तराजू आहे, गल्ला आहे, रांग आहे. आणि त्या दुकानांना कोणी ‘स्पेशल्टी’ म्हणत नाही, कारण ती चालतात.

नव्यांना मात्र पनामा हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये पनामाच्या लिलावात गेशा जातीची कॉफी किलोला तीस हजार डॉलरच्या वर गेली, तेव्हा आमच्याकडच्या भाजणाऱ्यांनी ती बातमी आपल्या घरचं लग्न असल्यासारखी फिरवली. महाराष्ट्रातही कॉफी होते, चिखलदऱ्याला, मेळघाटच्या डोंगरात, इंग्रजांच्या काळापासून. हे त्यांच्यापैकी कितींना माहीत आहे, ते त्यांनाच विचारा. विदर्भातल्या भाजणाऱ्यांनी ती कॉफी हातात घेतली, हे त्यांचं कौतुक. पुण्यात तिचं नाव काढलं तर ‘तिथे थंड हवेचं ठिकाण आहे ना?’ इथपर्यंत गाडी येते.

मला विचाराल तर छोटी भट्टी चालवणारा माणूस मुळात वाणी आहे, आणि यात त्याचा अपमान नाही. वाण्याला तूट कळते, उधारी कळते, काकू कळतात. पोत्यात हात घालून माल ओला की कोरडा हे सांगता येतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हिरवा दाणा ओल धरतो आणि जुलैत जूनचा आलेख लागू पडत नाही, हे त्याला लॅपटॉपच्या आधी बोटांना समजतं. ज्यांनी हे मान्य केलं ते एका बाजूला फिल्टरची पूड आणि ऑफिसांच्या पँट्रीचा डार्क ब्लेंड विकतात, त्यावर भाडं निघतं, आणि दुसऱ्या बाजूला महिन्यातून एखादा अवघड, सुंदर लॉट स्वतःच्या हौसेसाठी भाजतात. तो लॉट खरंच सुंदर असतो. मी पितो, पैसे देऊन.

ज्यांना हे मान्य नाही, त्यांच्यामुळे जुन्या भट्ट्यांचा बाजार तेजीत आहे. तुर्की ड्रम, एक किलो, फारसा न वापरलेला, सोबत ग्राइंडर, पिशव्यांचा उरलेला गठ्ठा मोफत. जाहिरात पडायचा अवकाश, घेणारा दुपारीच हजर. भट्टी चालू करून दाखवू का, असं विकणारा विचारतो. हा म्हणतो, राहू द्या. गॅस किती लागतो, धुराडं किती उंच लागेल, काही विचारत नाही. फक्त ड्रमच्या पुढच्या पत्र्याची रुंदी टेपने मोजून घेतो. लोगो कालच डिझाइन करून झालाय, बसतोय का तेवढं बघायचंय.